एका पंगतीतली दोन मांजरं

"तीन आठवडे कशाला? दोन पुरे," असं नीरजानं डॉक्टरांना ठणकावून सांगितलं, तेव्हा तिच्या मांडीवर एक मांजर होतं आणि नवऱ्याच्या, मकरंदच्या, मांडीवर दुसरं. मकरंदच्या मांडीवरचं मांजर मांडीत मावत नव्हतं. त्याचा मागचा भाग शेजारच्या खुर्चीवर ठेवावा लागला होता.

नीरजाच्या मांडीवर होती बकुळ. वय अकरा, वजन दोन किलो चारशे ग्रॅम, मूत्रपिंडं थकलेली. आणि मकरंदला दाबून बसलेला तो लड्डू. वय पाच, वजन सहा किलो आठशे, थकवा कशाला म्हणतात हे त्याला ठाऊक नव्हतं. कारण तो हलतच नसे.

इलाइट चौराह्याजवळच्या त्या दवाखान्यात डॉक्टर पियूष यांनी चष्मा काढला.

"मैडम, बकुळ को सिर्फ़ ये पैकेट वाला खाना। तीन हफ़्ते में दो किलो छह सौ होनी चाहिए। नहीं हुई तो भर्ती करके नली से खिलाना पड़ेगा। और इस उम्र में..." ते थांबले, कारण समोर तेरा वर्षांची इरा उभी होती. "और इन पहलवान के लिए ये डाएट वाले दाने। सबसे ज़रूरी बात, ये उसका खाना न खाए।"

"मम्मी, बकुळ को भर्ती नहीं करेंगे ना? पक्का?" इराने विचारलं. ती मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. झाशीतल्या आमच्या बऱ्याच घरांतून सध्या असंच चालतं.

"नाही करायचं. शब्द देते," नीरजा म्हणाली.

मकरंदने मान वळवून बघितलं. नीरजा कुणाला सहसा शब्द देत नाही. ती मुलींच्या शाळेत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते आणि फक्त सिद्ध झालेलं बोलते. चहात साखर घालताना चमच्यावरचा डोंगर सुरीने सपाट करते. एवढ्या बाईला एका लठ्ठ बोक्याला दुसऱ्याच्या वाटीपासून लांब ठेवणं अवघड का जावं!

घरी येताच तिने एक नवी वही काढली. स्वतः काट्यावर उभी राहिली: अठ्ठावन्न किलो दोनशे. मग बकुळला घेऊन उभी राहिली आणि पहिला आकडा दुसऱ्यातून वजा केला. दोन किलो चारशे! दवाखान्याशी तंतोतंत जुळलं. लड्डूचंही जुळलं. वहीच्या पहिल्या पानावर तिने लिहिलं, "माझे वजन ५८.२ (स्थिर)" आणि खाली दोन रेघा मारल्या.

पहिला उपाय सरळ होता. दोन मांजरं, दोन खोल्या.

बकुळने वाटीकडे बघितलं, रिकाम्या खोलीकडे बघितलं आणि दाराशी बसून असा गळा काढला की शेजारच्या घरातून "काए, का हो गओ?" अशी विचारणा झाली. लड्डू समोर दिसल्याशिवाय ती घास घेत नाही, हे त्या दिवशी कळलं. पाच वर्षं दोघं शेजारी बसून जेवत आलेली. तो आपलं संपवून तिचं संपवायचा आणि ती मोठ्या बहिणीसारखी बघत बसायची. तिची तक्रार कधीच नव्हती. म्हणून तर ती दोन किलो चारशेवर आली होती!

दुसरा उपाय उंचीचा. लड्डूला उडी मारता येत नाही, सबब बकुळची वाटी कपाटावर. नीरजाचा हिशेब चोख होता. फक्त कपाटाशेजारी कूलर होता, कूलरशेजारी पलंग होता आणि पलंगावर मकरंद झोपलेला होता. लड्डूने उडी मारलीच नाही. तो नवऱ्यावरून कूलरवर आणि कूलरवरून कपाटावर जिना चढल्यासारखा गेला.

"अगं, माझ्या पोटावर सात किलोचा पाय पडला!" मकरंद ओरडला.

"सहा किलो आठशेचा," नीरजा म्हणाली, "आणि तेही चार पायांत विभागून."

तिसरा उपाय मात्र अस्सल होता. कांदे-बटाटे ठेवायचा झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा तिने रिकामा केला. आरपार दिसणारा. त्याला बकुळ जाईल आणि लड्डू अडेल एवढंच गोल भोक पाडायचं. बकुळ आत बसून जेवेल, लड्डू बाहेर बसून आपले दाणे खाईल, दोघांना एकमेकांची तोंडं दिसतील. तिने दोन्ही मांजरांचे खांदे शिवणाच्या टेपने मोजले आणि डबा घेऊन बडा बाजारात श्यामसुंदर मिस्त्रीकडे गेली.

"सवा नौ सेंटीमीटर," ती म्हणाली.

"मैडम जी, चूहे का घर है का?"

"बिल्ली का है।"

"बिल्ली का? तो दस कर दें? नौ, दस, सब एकई है।"

"सवा नौ।"

श्यामसुंदरने डब्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, आणि या बाईशी वाद घालण्यात अर्थ नाही हे ओळखून "हओ" म्हणाला. भोक पाडलं, कड घासून गुळगुळीत केली आणि वर रबराची पट्टी बसवून दिली.

संध्याकाळी चाचणी झाली. बकुळ पाण्यात मासा शिरावा तशी आत शिरली. लड्डूने नाक घातलं, मिशा घातल्या, भुवया घातल्या आणि मागे सरकून बसला.

"देख लिया, लड्डू? अब क्या करेगा?" इराने टाळ्या वाजवल्या.

लड्डू काय करील हे पाच मिनिटांनी दिसलं. त्याने दहा पावलं मागे जाऊन जी धाव घेतली, तसा वेग त्याने आयुष्यात कधी दाखवला नव्हता! डोकं भसकन आत गेलं. पुढे खांदे जाईनात, मागे कान येईनात. बकुळ झाकण उडवून सटकली. लड्डू डबा गळ्यात घालून घरभर फिरू लागला. खुर्ची पडली. कपडे वाळत घातलेला स्टँड पडला. मकरंदचा सदरा डब्यावर आला, आणि बँकेत जायचा पांढरा सदरा घातलेलं एक बिनडोक्याचं जनावर थेट स्वयंपाकघरात, अण्णा पानं वाढत होते तिथे शिरलं.

अण्णांची ओळख इथे करून द्यायला हवी. अण्णा म्हणजे मकरंदचे वडील, दत्तात्रेयराव, वय एकोणऐंशी. झाशीतल्या मराठी मंडळींच्या गणपतीच्या पंगतीचं वाढप चाळीस वर्षं त्यांच्याकडे होतं. चाळीस वर्षांत एका पानावर भजं जास्त पडलं नाही की कमी पडलं नाही. एकदा एक मोठे साहेब पहिल्या पानावर बसून दुसरी जिलबी आधीच मागू लागले. अण्णा हात जोडून म्हणाले, "साहब, आएगी। पर शेवटच्या पानापर्यंत जाऊन आएगी।" पंक्तिप्रपंच, म्हणजे एका ओळीत बसवून एकाला एक आणि शेजारच्याला दुसरं वाढणं, याच्याइतकं मोठं पाप त्यांच्या यादीत नाही. खोटं बोलणं त्याच्या बरंच खाली येतं.

गुडघे गेल्यापासून गणपतीचं वाढप सुटलं. आता हाताखाली घरचीच चार पानं उरली होती. तीच ते रोज रात्री मन लावून वाढत, आणि आग्रहही पंगतीतलाच. "घे गं, एवढ्याने काय होतंय?" नीरजा अलीकडे वही उघडी ठेवून जेवायची, त्यामुळे पानात काय पडतं आणि पोटात काय जातं याकडे तिचं लक्ष नसे.

अण्णांनी ओगराळं खाली ठेवलं, सदरा बाजूला केला, लड्डूच्या मानेभोवती बोटभर तूप चोळलं आणि डबा अलगद काढला. लड्डू तूप चाटत बसला.

"उपाशी जिवाची अशी थट्टा करू नये, सूनबाई," अण्णा म्हणाले.

"उपाशी नाही तो, अण्णा. त्याला डाएटचे दाणे आहेत."

"आणि बकुळला?"

"तिचं वेगळं. पाकिटातलं, रस्स्याचं."

"म्हणजे दोघं शेजारी बसणार. तिला रस्सा आणि याला कोरडे दाणे?"

"हो."

"अस्सं," अण्णा म्हणाले आणि वरण वाढू लागले. नीरजाने वहीत लिहिलं: "रबरपट्टी जाड करणे. झाकणाला कडी बसवणे." अण्णांचं 'अस्सं' काही तिने लिहिलं नाही.

जाड पट्टीने काम चोख झालं. सकाळी सातला नीरजा दोन्ही वाट्या भरून, झाकणाची कडी लावून शाळेत जायची. दुपारी परत येईपर्यंत दोन्ही वाट्या लखलखीत! आणि घरच्या काट्यावर बकुळ वर वर जात होती. दोन पाचशे. दोन सहाशे. चौदाव्या दिवशी दोन आठशे!

"तुला सांगत होते," ती मकरंदला म्हणाली. एवढं बोलणं म्हणजे तिच्या हिशेबाने विजयाची मिरवणूक होती.

"लड्डूचं काय?"

"सात चारशे." तिच्या कपाळावर आठी आली. "दाण्यांत काहीतरी असेल."

रविवारी ती दवाखान्यात अशी शिरली की रांगेतले दोन कुत्रे उठून उभे राहिले. डॉक्टर पियूष यांनी बकुळला काट्यावर ठेवलं.

"दो किलो चार सौ।"

"दोन आठशे," नीरजा म्हणाली.

"मैडम, चार सौ। वहीं की वहीं है।"

"आपका काँटा ग़लत है।"

डॉक्टरांनी एक किलोचं बंद पाकीट काट्यावर ठेवलं. काट्याने एक किलो दाखवलं. मग लड्डूला ठेवलं. सात किलो. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"डाएट किसकी चल रही है, मैडम? ये तो दो सौ ग्राम बढ़ गया। देखिए, एक हफ़्ता और। अगले रविवार छह सौ नहीं, तो मैं रिस्क नहीं लूँगा। भर्ती।"

परतताना इरा स्कूटरवर मागे बसून बकुळची पेटी छातीशी धरून होती. रडली नाही. फक्त घराच्या दारात म्हणाली, "मम्मी, आपने शब्द दिया था।" 'शब्द' तेवढा मराठीत. तो नीरजाला लागला.

आता तिने विज्ञानाचं शेवटचं हत्यार काढलं. बकुळच्या रस्स्यात बिटाच्या रसाचे चार थेंब! ज्याचं तोंड गुलाबी, तो चोर.

सोमवारी दुपारी निकाल आला. बकुळची हनुवटी जेमतेम गुलाबी. लड्डूच्या मिशा मात्र लग्नातल्या फेट्यासारख्या गुलाबी! कडी लावलेली, भोक जागच्या जागी, आणि हा रस्सा खाऊन मोकळा! नीरजाने भोक मोजलं. सव्वानऊ, वर पट्टी. खात्रीसाठी श्यामसुंदरला बोलावलं. त्याने आपल्या टेपने मोजलं.

"मैडम जी, छेद तो बढ़ो नइयाँ। बिल्ली नें विद्या सीख लई।"

"कोणती विद्या?"

"अब बा तो बिल्लीई जाने।"

अण्णा शेजारीच चहा घेत होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटंही गुलाबी होती आणि धोतरावर एक ठिपका होता. नीरजाने पाहिलं आणि मनात नोंद केली: घरात बीट आलंय, अण्णांनी कोशिंबीर केली असणार. वास्तविक त्या दिवशी जेवणात काकडीची कोशिंबीर होती. पण पुरावा डोळ्यांपुढे असून न दिसणं ही चूक ती दरवर्षी विद्यार्थिनींच्या वह्यांत लाल पेनाने दाखवते. तिची स्वतःची वही तपासायला कोण घेणार?

मंगळवारी मकरंदने जुना मोबाइल मिक्सरमागे उभा करून ठेवला. डब्याकडे तोंड, व्हिडिओ कॉल चालू. मधल्या सुट्टीत नीरजाने स्टाफरूममध्ये आपला मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवला. गणिताची शिवांगी समोसा घेऊन खांद्यावरून डोकावली.

"दीदी, ये कौन-सी सीरीज़ है? इसमें तो डिब्बा ही डिब्बा है।"

"थांब. रुको।"

बकुळ आत, लड्डू बाहेर, दोघं शेजारी. दोघं वाटीला तोंड न लावता कुणाची तरी वाट बघत बसलेली! मग पडद्यावर एक धोतर आलं. एक पाट आला. पाट जमिनीवर ठेवला गेला आणि त्यावर, गुडघ्यांवर हात देत, अण्णा बसले.

त्यांनी कडी काढली. झाकण उघडलं. ओगराळ्याने बकुळच्या वाटीतला रस्सा बरोबर निम्मा उचलला आणि लड्डूच्या वाटीत घातला. डोळ्यांजवळ वाटी धरून पाहिलं, एक थेंब परत काढला. मग लड्डूचे दाणे मूठभर उचलून बकुळच्या वाटीत. दोन्ही वाट्या शेजारी ठेवून पुन्हा ताडून पाहिल्या. नीरजाने प्रयोगशाळेतसुद्धा एवढी अचूक विभागणी पाहिली नव्हती! मग त्यांनी दोघांपुढे हात जोडले आणि म्हणाले, "हं, करा सुरुवात."

आणि तेव्हाच दोन्ही मांजरांनी सुरुवात केली.

"दीदी, चोर तो बड़ा शरीफ़ निकला!" शिवांगी म्हणाली. नीरजा पुढचा तास कुणाच्या तरी गळ्यात मारून रिक्षात बसलीसुद्धा होती.

घरी ती धापा टाकत पोचली तेव्हा अण्णा ओगराळं धूत होते.

"अण्णा, तुम्ही!"

"मी काय?"

"बकुळचं निम्मं खाणं लड्डूला देता? रोज?"

"देतो," अण्णा शांतपणे म्हणाले. "सुनेच्या कारभारात मी बोलत नाही. पण एका पंगतीला बसवलंस ना दोघांना? एकाला रस्सा, एकाला कोरडं! आणि तेही एकमेकांना दिसेल अशा डब्यात! चाळीस वर्षं मी हे होऊ दिलं नाही, आता माझ्याच घरात होऊ देऊ?"

मूत्रपिंड, क्षार, प्रथिनं, सगळं नीरजाच्या जिभेवर आलं होतं. पण समोर वाढपी उभा होता, त्याला रसायनशास्त्र काय सांगणार?

"अण्णा," ती हळू आवाजात म्हणाली, "बकुळ आजारी आहे. तिच्या वाट्याचं तिच्याच पोटात गेलं नाही, तर रविवारी तिला दवाखान्यात ठेवतील. नळीने भरवतील. मी इराला शब्द दिलाय."

अण्णांचा हात ओगराळ्यावरच थांबला. त्यांचा चेहरा उतरला.

"हे मला कुणी बोललं नाही. मला वाटलं, जाडा म्हणून त्याचा राग करता सगळे."

मग नीरजाने आयुष्यात पहिल्यांदा वही न उघडता एक प्रश्न विचारला.

"अण्णा, गणपतीला गर्दी झाली की तुम्ही काय करायचा?"

"दोन पंगती."

"दुसऱ्या पंगतीचे लोक तोवर?"

"मागे उभे. वाट बघत." अण्णांचे डोळे चमकले. "आणि पहिल्या पंगतीत जिलबी असली आणि दुसरीत संपली, तरी तो प्रपंच नाही! पंगत वेगळी, विषय वेगळा!"

त्या दिवसापासून सकाळी आठला बकुळची पंगत बसते. डबा कांदे-बटाट्यांना परत दिला. लड्डू दुसऱ्या पंगतीतला, म्हणून तोवर अण्णांच्या मांडीवर असतो, बकुळला दिसेल असा. त्याने मान जरा लांब केली की अण्णा म्हणतात, "लाडोबा, थांबा. पहिली पंगत उठू दे." बकुळ शेवटचा थेंब चाटून उठली की वाटी उचलतात, जागा पुसतात आणि मग दुसरी पंगत. कोरडे दाणे, मोजून. चाळीस वर्षांच्या नजरेतून एक दाणा सुटत नाही.

रविवारी सगळं घर दवाखान्यात हजर होतं, अण्णासुद्धा, इस्त्रीच्या धोतरात. डॉक्टरांनी बकुळला काट्यावर ठेवलं. आकडा हलला, पाचशेऐंशीवर रेंगाळला. बकुळने शेपूट काट्यावर घेतलं.

"छह सौ!" इरा किंचाळली.

"छह सौ," डॉक्टर हसले. "भर्ती कैंसिल। और पहलवान... छह किलो नौ सौ! सौ ग्राम कम। मैडम, कमाल कर दिया आपने।"

"मी नाही, अण्णांनी," नीरजा म्हणाली. अण्णांनी डॉक्टरांना हात जोडले आणि गणपतीच्या पंगतीचं आमंत्रण देऊन टाकलं.

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण घरी आल्यावर नीरजाने वही काढली. तिला तो घरचा वाकडा काटा जगापुढे उघडा पाडायचा होता. बकुळला घेऊन उभी राहिली, अठ्ठावन्न दोनशे वजा केले: तीन किलो दोनशे. लड्डूला घेऊन उभी राहिली: सात किलो पाचशे. दोन्हीकडे बरोबर सहाशे ग्रॅम जास्त! तिने मकरंदकडून किलोभर तांदळाचं बंद पाकीट मागवलं आणि काट्यावर ठेवलं. काट्याने एक किलो दाखवलं. म्हणजे काटा सरळ होता. बकुळ सहाशे ग्रॅमने फुगत होती आणि लड्डूही सहाशेनेच. दोघांत सामाईक काय होतं?

नीरजा वहीच्या पहिल्या पानापर्यंत गेली. "माझे वजन ५८.२ (स्थिर)." खाली दोन रेघा.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून अण्णांची हाक आली. "सूनबाई, पान वाढलंय! तुझ्या आवडीचा शिरा केलाय. कालच्यासारखं दोनदाच घेऊन उठायचं नाही हं!"

हल्ली ती काट्यावर आधी एकटी उभी राहते. तो आकडा मनात ठेवते आणि वहीत फक्त मांजरांचं वजन लिहिते. 'स्थिर' हा शब्द मात्र तिने सपाट, सरळ रेघेने खोडला आहे. वर्गात विचारलं तर ती सांगेल की प्रयोगात चूक सापडली, प्रयोग सुधारला. कुठली चूक, असं कुणी अजून विचारलेलं नाही.